आफ्रिकेच्या जंगलात स्वतःची गाडी, स्वतःचा तंबू

आफ्रिकेच्या दक्षिण आणि पूर्व भागातील बऱ्याच मोठ्या राष्ट्रीय उद्यानांत पर्यटकाला स्वतः गाडी चालवत हिंडता येते आणि हद्दीच्या आतच तंबू ठोकून रात्र काढता येते. ताडोबा-पेंचची सवय असलेल्या वाचकाला ही मुभा नवलाची वाटेल. तिथे ठरलेल्या वेळेची फेरी, नोंदणी झालेली जिप्सी, चालक आणि गाइड यांच्याशिवाय गाभा क्षेत्राचे फाटक उघडत नाही. दक्षिण आफ्रिकेतील क्रूगर किंवा नामिबियातील एटोशा इथे मात्र भाड्याची साधी मोटार घेऊन फाटकावर जावे, नाव नोंदवावे, शुल्क भरावे आणि नकाशा घेऊन निघावे. कोणत्या वळणावर थांबायचे, पाणवठ्यावर किती वेळ बसायचे, हे ज्याचे त्याने ठरवायचे. आफ्रिकन सफारी म्हणजे लाखोंचा खर्च, हा समज आलिशान लॉज आणि छोट्या विमानांच्या सहलींमुळे पक्का झाला आहे. त्याच उद्यानात, त्याच सिंहांच्या रस्त्यावर, त्या खर्चाच्या लहानशा हिश्श्यात आठ-दहा दिवस काढणारी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या येत आली आहेत.

हा प्रवास स्वस्त पडेल की नाही, हे तंबूवर फारसे अवलंबून नसते. खर्चाचे मुख्य भाग तीन: माणशी रोजचे प्रवेशशुल्क, तंबूच्या जागेचे भाडे आणि गाडी. पैकी जागेचे भाडे बहुधा सर्वांत किरकोळ असते. क्रूगरमध्ये अलीकडच्या वर्षांत दोघांसाठी तंबूची जागा साधारण ४००-५०० रँडच्या घरात मिळते, म्हणजे रँडमागे पाच रुपये धरले तर दोन-अडीच हजार रुपये. पण परदेशी प्रौढाचे संवर्धन शुल्क माणशी रोज ५०० रँडच्या वर आहे. दोघांचे मिळून ते जागेच्या दुपटीहून जास्त भरते. म्हणून कोणत्या देशाचे उद्यान शुल्क कसे आकारते हे आधी पाहावे. गाडी आणि तंबूचा विचार त्यानंतर. शुल्काच्या या पद्धतीवरून आफ्रिकेचे सरळ दोन भाग पडतात. दक्षिण आफ्रिका आणि नामिबियाची उद्याने देशातल्या मोटार बाळगणाऱ्या मध्यमवर्गासाठी उभी राहिली, तर बोट्स्वाना आणि टांझानियाची धोरणे परदेशी पाहुणा कमी संख्येने यावा आणि त्याने जास्त पैसे मोजावेत या हिशेबाने आखली गेली.

क्रूगरचा इतिहास पाहिला की हे नीट कळते. १८९८ मध्ये साबी अभयारण्य जाहीर झाले आणि १९२६ मध्ये त्याला लगतची जमीन जोडून राष्ट्रीय उद्यान झाले. पुढच्याच वर्षी, १९२७ मध्ये, पहिल्या तीन पर्यटक गाड्या आत आल्या. उद्यानाचे पहिले प्रमुख जेम्स स्टीव्हन्सन-हॅमिल्टन यांना हे जंगल टिकवायचे तर लोकांनी ते पाहिले पाहिजे, हे उमगले होते. त्यामुळे रस्ते, पूल आणि मुक्कामाचे तळ सरकारी खर्चाने होत गेले. आज जवळपास १९,५०० चौरस किलोमीटरच्या या उद्यानात डांबरी रस्त्यांचा कणा आहे, त्याला मुरमाचे फाटे आहेत आणि स्कुकुझा, लोअर साबी, साटारा, लेटाबा, शिंग्वेड्झी, पुंडा मारिया असे मोठे तळ आहेत. मोठ्या तळावर विजेचे कुंपण, दुकान, पेट्रोलपंप, गरम पाण्याची न्हाणीघरे आणि सामाईक स्वयंपाकघर असते. कुंपणाआड रात्र गाढ झोपेत जाते आणि पहिल्यांदा जाणाऱ्याला नेमके हेच हवे असते. ओलिफान्ट्स आणि मोपानी या तळांवर तंबूची सोय नाही, हे नकाशा पाहून बेत आखणाऱ्यांच्या ध्यानात येत नाही. बालुले, त्सेंड्झे आणि मारुला ही लहान ठिकाणे उलट मुख्यतः तंबूवाल्यांचीच आहेत. बालुलेत वीज नाही. संध्याकाळी कंदील लागतात.

दिवसाचा क्रम फाटकाच्या वेळा ठरवतात. उन्हाळ्यात तळाची फाटके पहाटे साडेचारला उघडतात, हिवाळ्यात उशिरा. संध्याकाळी मोसमाप्रमाणे साडेपाच ते साडेसहाच्या दरम्यान ती बंद होतात आणि उशिरा पोचणाऱ्याला दंड होतो. वेगमर्यादा डांबरावर ताशी ५० आणि मुरमावर ४० किलोमीटर आहे. स्कुकुझाहून साटारा सुमारे ९० किलोमीटर. कागदावर दोन तासांचा हा रस्ता प्रत्यक्षात अर्धा दिवस खातो, कारण वाटेत हत्तींचा कळप रस्ता ओलांडतो, किंवा पुढे पाच-सहा गाड्या थांबलेल्या दिसतात आणि झुडपाखाली बिबळ्या असल्याची कुजबुज पोचते. एका दिवशी १००-१२० किलोमीटरांहून जास्त अंतर ठेवले की प्राणी पाहायचे राहून जातात आणि नुसती गाडीच चालवली जाते. अनुभवी मंडळी दोन तळ निवडतात, प्रत्येकी तीन-चार रात्री राहतात आणि तेच रस्ते पुन्हा पुन्हा धुंडाळतात. लोअर साबीजवळच्या सनसेट धरणाच्या काठी गाडी लावून तासभर बसले, तर सुसरी, पाणघोडे, करकोचे आणि पाण्यावर येणारी हरणे हे सारे गाडीच्या काचेपासून काही हातांवर असते. त्या तासाला पेट्रोलही लागत नाही.

संध्याकाळी तळावर वेगळेच जग सुरू होते. प्रत्येक जागेवर लोखंडी शेगडी असते, दुकानात लाकडाच्या मोळ्या मिळतात आणि अंधार पडता पडता सगळीकडून धूर निघू लागतो. मांस भाजल्याच्या वासावर तरस कुंपणाबाहेर फेऱ्या मारू लागते. तारेच्या पलीकडे, टॉर्चच्या उजेडात, ते खाली मान घालून चालताना दिसते. काही तरसांना लोकांनी हाडे फेकून सवय लावली आहे. हा गुन्हा आहे आणि त्याची किंमत प्राण्यालाच मोजावी लागते, कारण माणसाकडून अन्नाची अपेक्षा करू लागलेले जनावर धोकादायक ठरून शेवटी मारले जाते. कुंपणाच्या आतले खरे चोर म्हणजे माकडे, बबून आणि रात्री कचरापेटी उलथवणारा हनी बॅजर. तंबूत बिस्किटाचा पुडा ठेवून फिरायला गेलेल्याला परत आल्यावर फाटलेला तंबू मिळतो.

एटोशाची रचना निराळी आहे. १९०७ मध्ये, जर्मन वसाहतीच्या काळात, गव्हर्नर फ्रीडरिश फॉन लिंडेक्विस्ट यांनी हे क्षेत्र राखीव केले. आजच्या सुमारे २२ हजार चौरस किलोमीटरच्या उद्यानात ४,८०० चौरस किलोमीटरच्या आसपासचे खारे, पांढरे, कोरडे पात्र आहे आणि त्याच्या दक्षिण काठाने पाणवठ्यांची माळ आहे. कोरड्या मोसमात इथे जनावरे शोधावी लागत नाहीत. पाणवठ्यावर गाडी लावून बसले की झेब्रे, ओरिक्स आणि हत्ती आपापल्या पाळीने येतात. ओकौकुएजो, हलाली आणि नामुटोनी या तळांना लागून प्रकाशझोत टाकलेले पाणवठे आहेत. ओकौकुएजोला दगडी कठड्यामागे बाके मांडलेली आहेत. दिवसा काटेरी झुडपात एकेकटा राहणारा काळा गेंडा इथे रात्री येतो. पाण्याच्या कडेला थांबून तो हवा हुंगतो आणि मगच पुढे होतो. कधी दुसरा गेंडा समोरून येतो, दोघे फुसफुसतात, डोकी खाली घालून एकमेकांना आजमावतात आणि मग एकाच पाण्यावर पितात. तंबूवाल्याला हे बाक लॉजमधल्या पाहुण्याइतकेच जवळ असते आणि त्यासाठी वेगळे तिकीट नसते. गेंडा पाहण्याची याहून सोपी जागा आफ्रिकेत क्वचितच असेल. पश्चिमेकडच्या ओलिफान्ट्सरूस इथे फक्त तंबूंची सोय आहे आणि पाणवठ्यावर दुमजली लपण आहे. नामिबियाचा डॉलर रँडशी एकास एक बांधलेला असून रँडही तिथे चालतो. एटोशाचे रोजचे शुल्क क्रूगरहून कमी आहे, पण तंबूच्या जागेचे भाडे माणशी आकारले जात असल्याने मोठ्या गटाला तिथे फारशी बचत होत नाही.

कगालागाडी हे दक्षिण आफ्रिका-नामिबियाच्या पद्धतीतले सर्वांत विरळ आणि कोरडे उद्यान. दक्षिण आफ्रिकेचे १९३१ चे कालाहारी जेम्सबोक उद्यान आणि बोट्स्वानाचे लगतचे उद्यान मिळून २००० मध्ये ते सीमापार उद्यान झाले. क्षेत्रफळ सुमारे ३८ हजार चौरस किलोमीटर आहे, पण दक्षिण आफ्रिकेच्या बाजूला रस्ते प्रामुख्याने आउओब आणि नोसोब या दोन कोरड्या नदीपात्रांतून जातात. काळ्या आयाळीचे सिंह, चित्ते आणि शिकारी पक्षी यांसाठी लोक इथे येतात. रस्ते वाळूचे आणि लाटालाटांचे. चाकांतली हवा नेहमीच्या ३०-३२ पीएसआयवरून विशीच्या आसपास आणली की गाडी रुतत नाही आणि धक्केही कमी बसतात. जून-जुलैत रात्री पारा शून्याखाली जातो, तर डिसेंबर-जानेवारीत दुपारी सावलीतही बसवत नाही. आफ्रिकेत थंडी कसली, असे समजून पातळ स्लीपिंग बॅग नेणारे इथे रात्रभर गाडीत बसून काढतात.

बोट्स्वानात शिरताच कुंपण संपते. मोरेमी अभयारण्य १९६३ मध्ये बाटावाना लोकांनी आपल्या जमिनीवर स्वतः राखीव केले. आफ्रिकेत स्थानिक समाजाने पुढाकार घेतल्याची ही फार मोलाची नोंद आहे. तिथल्या थर्ड ब्रिज आणि काकानाका, किंवा चोबे उद्यानातल्या सावुटी आणि इहाहा या जागांवर हत्ती, सिंह आणि तरस तंबूंमधून मोकळे फिरतात. सावुटीत पाण्यासाठी हत्तींनी नळ आणि न्हाणीघरे मोडल्यामुळे नव्या न्हाणीघराभोवती जाड भिंत बांधावी लागली. बहुतेक जागा खासगी चालकांकडे सोपवलेल्या आहेत आणि भाडे माणशी, तेही डॉलरच्या हिशेबाने घेतात. दोघांचे एका रात्रीचे भाडे क्रूगरमधल्या कित्येक रात्रींच्या भाड्याइतके होऊ शकते. आरक्षणाचा कागद नसेल तर फाटकावरून परत पाठवतात. शिवाय फोर बाय फोर गाडी लागतेच. माउनहून सावुटीमार्गे कसानेपर्यंत भरवशाचा पेट्रोलपंप नाही आणि वाळूत पेट्रोल नेहमीपेक्षा बरेच जास्त जळते. थोडक्या पैशात जाणाऱ्याने बोट्स्वाना शेवटी दोन-चार रात्रींपुरता ठेवावा.

झिंबाब्वेचे माना पूल्स १९८४ पासून जागतिक वारसास्थळ आहे आणि मोठ्या जनावरांच्या प्रदेशात परवाना काढून वाटाड्याशिवाय पायी हिंडू देणाऱ्या अगदी मोजक्या उद्यानांपैकी ते एक आहे. झांबेझीच्या काठी न्यामेपी तळावर तंबू लागतात. शेजारच्या आना वृक्षांच्या शेंगांसाठी हत्ती येतात आणि काही नर मागच्या दोन पायांवर उभे राहून उंच फांद्या ओढतात. इथे संत्री-मोसंबी नेण्यास बंदी आहे, कारण त्या वासावर हत्तींनी गाड्या फोडल्या आहेत. पायी फिरण्याची परवानगी आहे म्हणून ती घ्यावीच असे नाही. रानटी जनावरांची देहबोली न वाचता येणाऱ्याने गाइड घेणेच शहाणपणाचे. झिंबाब्वेच्याच ह्वांगे उद्यानात मासुमा, न्ग्वेश्ला अशा पाणवठ्यांजवळच्या लहान सहलस्थळांवर रात्री फक्त आरक्षण केलेला गट राहतो. सोयी जुनाट आहेत, पण ज्या पैशात बोट्स्वानात एक रात्र जाते त्या पैशात इथे जास्त दिवस निघतात. झांबियाच्या दक्षिण लुआंग्वात स्वतंत्र पर्यटकाच्या तंबूची सोय उद्यानाबाहेर, म्फुवेजवळ नदीच्या पूर्व काठावर आहे. रात्री पाणघोडे तिथेच चरायला येतात, आणि ज्या दिवशी पूल ओलांडून आत जायचे त्याच दिवसाचे प्रवेशशुल्क द्यावे लागते. खर्चाच्या दृष्टीने ही सोय उत्तम आहे.

पूर्व आफ्रिकेत हिशेब बिघडतो. टांझानियाच्या सेरेंगेटीत परदेशी प्रौढाला २४ तासांचे प्रवेशशुल्क ७० डॉलर किंवा त्याहून जास्त पडते, त्यावर सार्वजनिक तळाचे माणशी भाडे आणि परदेशी नोंदणीच्या गाडीचे वेगळे शुल्क. अरुशाहून सेरेंगेटीला जाण्याचा नेहमीचा रस्ता न्गोरोंगोरो संवर्धन क्षेत्रातून जातो, त्यामुळे नुसते पार होण्याचेही पैसे भरावे लागतात. न्गोरोंगोरोच्या विवरात उतरायचे तर गाडीमागे आणखी काही शे डॉलर. केनियाच्या मसाई मारात २०२४ पासून जुलै ते डिसेंबर या काळात परदेशी प्रौढाला १२ तासांचे २०० डॉलर आणि वर्षाच्या पहिल्या सहामाहीत १०० डॉलर आकारले जातात. अशा दरांत तंबू वापरून होणारी बचत नगण्य ठरते. सेरेंगेटीतल्या सेरोनेराच्या बिनकुंपणाच्या तळावर, जाळी लावलेल्या स्वयंपाकघरात जेवून सिंहांच्या डरकाळ्या ऐकत झोपणे हा मोठाच अनुभव आहे, पण तो स्वस्त म्हणून विकला जाऊ नये. इथे चार जणांनी स्थानिक चालकासह गाडी वाटून घेतली तर स्वतः चालवण्यापेक्षा कमी खर्च येण्याची शक्यता असते.

गाडीच्या निवडीत पैसे वाया जाण्याची जागा बरीच आहे. क्रूगर, दक्षिण आफ्रिकेतलेच ॲडो उद्यान आणि कोरड्या मोसमातल्या एटोशासाठी साधी हॅचबॅक किंवा सेडान पुरते. छपरावर तंबू, फ्रिज, गॅस, दोन स्टेपन्या आणि उंच जॅक असलेली हायलक्ससारखी फोर बाय फोर तिच्या कित्येक पट भाड्याने मिळते. बोट्स्वाना, कगालागाडीचे आडरस्ते आणि झिंबाब्वेसाठी ती हवीच. क्रूगरसाठी ती घेणे म्हणजे पैशाचा चुराडा. नामिबियात परदेशी चालकांचे अपघात बहुतांश मुरमाच्या रस्त्यावर, दुसऱ्या कोणाच्याही चुकीशिवाय, गाडी घसरून उलटल्याने होतात. रस्ता रुंद आणि रिकामा असतो, वेग नकळत शंभरावर जातो आणि वळणावर मागची चाके सुटतात. तिथे ताशी ८० च्या आतच राहावे. विम्याच्या अटी सही करण्याआधी वाचाव्यात: टायर, काच, गाडीचा तळ, पाण्यात शिरून झालेले नुकसान आणि एकट्या गाडीचा अपघात बऱ्याचदा विम्यात येत नाहीत. सीमा ओलांडायची असेल तर भाड्याच्या कंपनीचे परवानगीपत्र आधी घ्यावे लागते. उंच गवतातून गेल्यावर रेडिएटरपुढे आणि सायलेन्सरजवळ साठलेले गवत रोज काढावे, नाहीतर गाडी तापते आणि कधी पेटतेही. वाहतूक सर्वत्र डाव्या बाजूने आहे, त्यामुळे भारतीय चालकाला युरोपीय पर्यटकासारखी नवी सवय लावावी लागत नाही.

स्वयंपाकाचा खर्च सर्वांत सहज आटोक्यात येतो. गॅसचे डबे विमानात नेता येत नाहीत. ते आणि भांडी तिथेच घ्यावीत. जोहान्सबर्ग आणि डर्बनमध्ये भारतीय वंशाची मोठी वस्ती असल्याने डाळी, मसाले आणि आटा सहज मिळतात. खिचडी, पिठले, तव्यावरच्या पोळ्या शेगडीवर होतात. नामिबिया आणि बोट्स्वानात जनावरांचे रोग पसरू नयेत म्हणून घातलेल्या पशुवैद्यकीय कुंपणाच्या नाक्यांवर कच्चे मांस, काही ठिकाणी दूधही, काढून घेतात. शाकाहारी शिधा बाळगणाऱ्याला तो ताप कमी.

बिनकुंपणाच्या तळावर जीव सांभाळण्याचे नियम थोडे असले तरी त्यांत सूट नसते. तंबू पूर्ण बंद करून झोपावे. उकाड्यात चेन उघडी ठेवून झोपलेल्या माणसांवर हल्ले झाले आहेत, तर बंद तंबूला सिंह आणि तरस बहुधा एक घन वस्तू समजून वळसा घालतात. अन्न, साबण, टूथपेस्ट गाडीत कुलूपबंद ठेवावे, चपला-बूट बाहेर ठेवू नयेत. तरस ते उचलून नेते. अंधारात न्हाणीघरापर्यंतही पायी जाण्याआधी टॉर्चने चौफेर पाहावे. नदीकाठी तंबू लावताना पाणघोड्याची वाट मोकळी सोडावी. मुलांना हाकेच्या अंतरावरही एकटे सोडू नये. त्सेत्से माशी निळ्या आणि काळ्या रंगाकडे ओढली जाते, म्हणून खाकी किंवा फिकट कपडे बरे.

या स्वस्ताईची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ही मोकळी जंगले पुष्कळ ठिकाणी माणसे हटवून मोकळी झाली. एटोशातून हाइओम लोकांना १९५४ मध्ये बाहेर काढले गेले. क्रूगरच्या उत्तर टोकाहून माकुलेके समाजाला १९६९ मध्ये उठवले. त्यांची जमीन १९९८ मध्ये त्यांना परत मिळाली आणि आज तिथल्या पर्यटनाचा वाटा त्यांच्याकडे जातो. वर्णभेदाच्या काळात क्रूगरमध्ये कृष्णवर्णीय पर्यटकांना दीर्घकाळ बालुलेतच मुक्कामाची मुभा होती. आज देशातल्या रहिवाशांकडून परदेशी पर्यटकाच्या सुमारे चौथाई शुल्क घेतले जाते आणि हा भेद न्याय्य आहे. परदेशी पाहुण्याने त्याबद्दल कुरकुर करू नये. नामिबियात १९९६ च्या कायद्याने गावसमूहांना वन्यजीव आणि पर्यटनाचे हक्क मिळाले. उद्यानांच्या वाटेवरील त्यांचे साधे तळ स्वस्त असतात आणि तिथे दिलेला पैसा गावात राहतो. बेत आखताना अशा एक-दोन रात्री जरूर ठेवाव्यात.

मे ते ऑक्टोबर हा कोरडा काळ प्राणी पाहण्यासाठी सर्वांत चांगला. गवत झडलेले असते आणि जनावरे पाण्याजवळ येतात. ऑक्टोबरात उष्मा असह्य होतो. पावसाळ्यात जागा सहज मिळतात, पक्षी आणि पिल्ले दिसतात, पण माना पूल्स आणि मोरेमीचे रस्ते चिखलाने बंद पडतात. दक्षिण आफ्रिकेच्या शाळांना सुट्ट्या असल्याने डिसेंबर-जानेवारी आणि जून-जुलैत क्रूगर भरून जाते. तिथले आरक्षण सुमारे ११ महिने आधी खुले होते. आठवडाभराहून जास्त मुक्काम असलेल्या जोडप्याला वर्षभर चालणारे वाइल्ड कार्ड रोजच्या शुल्कापेक्षा साधारणतः स्वस्त पडते. आरटीओकडून आंतरराष्ट्रीय वाहन परवाना काढून मूळ परवान्यासोबत ठेवावा. ॲडो आणि कगालागाडी वगळता वर उल्लेखलेल्या बहुतेक उद्यानांत मोसमाप्रमाणे कमी-अधिक मलेरिया असतो, तेव्हा डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळ्या निघण्यापूर्वीच सुरू कराव्यात. केनिया किंवा युगांडाहून परतताना भारताच्या विमानतळावर पीतज्वराच्या लसीचा दाखला मागतात. लस घेतल्यावर दहा दिवसांनी तो वैध होतो आणि तो नसेल तर प्रवाशाला विलगीकरणात ठेवले जाते.